‘दोष’ कुणी ठरवले?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

स्त्रिया दिसण्याचा इतका विचार का करतात, या प्रश्नावर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात आणि त्यांवर वाचकांची पत्रेही येतात. बहुतेक लेख एकाच सल्ल्यावर येऊन थांबतात : स्त्रीने स्वतःवर प्रेम करावे, आत्मविश्वास बाळगावा, आरशात पाहून हसावे. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण दुखणे स्त्रीच्या मनातच उपजते आणि म्हणून औषधही तिनेच घ्यायचे, असे जे त्यात गृहीत धरलेले असते, ते मला पटत नाही. मी ३४ वर्षे छायाचित्रांचे रिटचिंग केले, म्हणजे फोटोतले चेहरे आणि शरीरे सुधारून दिली. हे दुखणे कुठे तयार होते ते मी रिटचिंगच्या मेजावरून पाहिले आहे, आणि थोडेफार स्वतःच्या हातानेही तयार केले आहे. म्हणून हे पत्र.

मी काम शिकले तेव्हा या धंद्यात संगणक आलेला नव्हता. उतरत्या मेजात दुधी काच बसवलेली असे, तिच्याखालून उजेड येई आणि काचेवर निगेटिव्ह ठेवून, भिंगातून पाहत काम चाले. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे दिसते, गडद ते फिकट आणि फिकट ते गडद. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, कपाळावरच्या आठ्या, मुरमांचे डाग हे सारे तिथे फिकट, जवळजवळ पारदर्शक रेघा आणि ठिपके होऊन बसलेले असतात. त्यांवर आधी एक पातळसे चिकट द्रावण पुसायचे, म्हणजे पेन्सिलीचे शिसे धरते, आणि मग सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढ्या रेघा शेजारी शेजारी भरत जायचे. जेवढी जागा भरली तेवढी प्रिंटमध्ये उजळ उमटते. जिथे काळोख हवा असेल तिथे धारदार पात्याने निगेटिव्हचा थर हलकेच खरवडायचा. गडद पडद्यासमोर उभ्या असलेल्या बाईची कंबर अशी दोन्ही बाजूंनी खरवडून बारीक करता येत असे. पुढे संगणकाने जे केले त्यातले फारच थोडे आम्हाला नवे होते. वेग मात्र नवा होता.

या कामाला आम्ही ‘दोष काढणे’ म्हणत असू. ‘मला सुंदर करा’ असे सांगणारे गिऱ्हाईक मला ३४ वर्षांत क्वचितच भेटले. ‘ताई, एवढा दोष तेवढा काढा’ असे सांगणाऱ्या शेकडो भेटल्या. दोष कशाला म्हणायचे, याची यादी मी कधी भिंतीवर लावलेली नव्हती. तरीही १६ वर्षांची मुलगी आणि ६० वर्षांची बाई जणू एकच यादी पाठ करून येत : कातडीचा रंग, डोळ्यांखालची वर्तुळे, हनुवटीखालची घडी, दंडांची जाडी, नाकाची रुंदी, ओठांवरची लव. पुरुषही येत. त्यांना टक्कल झाकून हवे असे, पोट आत घेऊन हवे असे, आणि अलीकडे पिळदार दंडांचा सोस तरुण मुलांनाही लागला आहे, हे मी नाकारत नाही. पण पुरुष हे हसत सांगत आणि नाही जमले तरी फोटो घेऊन जात. बायका आवाज खाली आणून सांगत. पारपत्रासारख्या सरकारी कागदपत्रांच्या फोटोत काहीच बदल करता येत नाही, असे सांगितले की त्यांचा चेहरा उतरत असे. त्या छोट्या प्रती मी काउंटरवर ठेवल्या की पुरुष त्या मोजून घेत आणि बऱ्याच बायका न बघता पालथ्या करून पाकिटात सरकवत. पहिली काही वर्षे मला वाटे, घाईत असतील.

एक प्रसंग मी विसरू शकलेले नाही. एक बाई आल्या. त्यांना कामाच्या ठिकाणी मोठे पद मिळाले होते आणि वार्षिक अहवालात फोटो छापायचा होता. कपाळावर लहानपणी पडल्याची एक खूण होती, तेवढी काढायची होती. मी काढली. तोवर संगणक आला होता आणि त्या माझ्याशेजारीच बसून पाहत होत्या. खूण गेल्यावर त्यांना डोळ्यांखालची सूज दिसली. ती गेल्यावर गालांवरची रंध्रे, मग दोन्ही भुवयांतला फरक, मग जबड्याची रेषा. पाऊण तासात आम्ही नऊ बदल केले आणि प्रत्येक बदलानंतर आधी न खुपलेले काहीतरी नव्याने खुपू लागले, कारण शेजारचा भाग आता गुळगुळीत झालेला होता. ज्या कामासाठी पद मिळाले, त्या कामाबद्दल तेवढ्या वेळात एक शब्दही निघाला नाही. शेवटी त्यांनी विचारले, ‘आता लोक मला ओळखतील ना?’ मी ‘ओळखतील की’ म्हणाले आणि पावती फाडली.

दोषांची ही यादी येते कुठून? तिचा एक भाग तर आमच्या यंत्रांतच बसवलेला होता. रंगीत छपाई करणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी फिल्म कंपन्या नमुन्याची कार्डे पुरवत. कोडॅकच्या कार्डावर गोऱ्या कातडीची एक तरुणी असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून धंद्यात त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. मॉडेल बदलत गेल्या, नाव तेच राहिले. १९५० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे, त्या एका कातडीचा रंग बरोबर उतरला की यंत्र बरोबर लागले, असे मानण्याची रीत होती. फिल्मची रासायनिक घडणही उजळ कातडीलाच धार्जिणी होती. त्यामुळे सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे प्रिंटमध्ये बुडून जात, डोळ्यांतले आणि दातांचे पांढरे तेवढे उठून दिसे. गडद छटा नीट टिपणारी फिल्म करण्याचे कंपनीने मनावर घेतले, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असे तिथल्याच माजी अधिकाऱ्यांनी पुढे संशोधकांना सांगितले आहे. आपल्या मालातल्या गडद छटा जाहिरातीत नीट वेगळ्या दिसत नाहीत, हे त्यांचे दुखणे होते. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. तोवर किती सावळ्या मुलींना मी सहजपणे ‘तुझा फोटो चांगला येत नाही ग’ असे सांगितले असेल, याची मोजदाद नाही. त्यांच्यासाठी फिल्मच बनवलेली नव्हती, हे मला स्वतःलाच फार उशिरा कळले.

यादीचा उरलेला भाग बाजाराने लिहिला आणि तो लिहिला गेल्याची वर्षेही सांगता येतात. जिलेट कंपनीने खास स्त्रियांसाठी म्हणून पहिले रेझर १९१५ मध्ये बाजारात आणले. बिनबाह्यांचे कपडे तेव्हा नुकते रूढ होऊ लागले होते, आणि काखेतले केस ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या सुमाराच्या जाहिरातींनी अमेरिकी स्त्रियांना प्रथम समजावून सांगितले. त्याआधीच्या पिढीला ही लाज ठाऊक नव्हती. मांड्यांवरच्या खळग्याखळग्यांच्या कातडीसाठी वापरला जाणारा ‘सेल्युलाइट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला तो १९६८ मध्ये, ‘व्होग’ या फॅशन मासिकातून. प्रौढ स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के जणींच्या शरीरावर कमीअधिक प्रमाणात हे खळगे असतात, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणींकडे जे असते त्याला दोष म्हणायचे ठरले, तर दोषी नसलेली बाई शोधायला बराच हिंडावे लागेल. ज्या धंद्याला कायम गिऱ्हाईक हवे, त्याला असाच दोष परवडतो, हे मी धंदेवाईक म्हणूनच सांगते.

दुखणे बाहेरून येते याचा माझ्या माहितीतला सर्वांत बोलका पुरावा फिजी बेटांवरचा आहे. तिथे भरल्या अंगाची स्त्री ही सुदृढ आणि सांभाळ झालेली मानली जाई. बारीक झालेल्या मुलीची घरच्यांना काळजी वाटे. त्या देशाच्या नाड्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली आणि पडद्यावर परदेशी मालिका सुरू झाल्या. हार्वर्ड विद्यापीठातल्या अ‍ॅन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या विकाराकडे झुकत असल्याची लक्षणे पहिल्या वेळी सुमारे १३ टक्के मुलींत होती, तीन वर्षांनी २९ टक्क्यांत. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. १९९८ मध्ये ते प्रमाण ११ टक्क्यांवर गेले होते, आणि आपण जाड आहोत असे कधी ना कधी वाटते, असे सांगणाऱ्या मुली ७४ टक्के होत्या. पाहणी लहान होती, दर खेपेस ६० ते ७० मुलींची, हे खरे. पण मुलींचा आत्मविश्वास तीन वर्षांत आपोआप आटला, हे स्पष्टीकरण तिथे कसे लागू पडावे?

या सगळ्याची किंमत कुठे भरावी लागते? पैसा आणि वेळ यांचा हिशेब सगळेच मांडतात. मला त्याहून मोठे वाटते ते लक्ष. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात काही तरुण-तरुणींना एकेकटे खोलीत पाठवले, आरशासमोर कुणाला पोहण्याचा पोशाख तर कुणाला स्वेटर घालायला सांगितला आणि त्याच अवस्थेत गणिते सोडवायला दिली. पाहणारे कुणी नव्हते. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या गुणांवर पोशाखाचा असा परिणाम दिसला नाही. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या संशोधकांनी याची उपपत्ती आदल्याच वर्षी मांडली होती : आपल्याला सतत न्याहाळले जाते हे ओळखून वाढलेली मुलगी हळूहळू स्वतःच स्वतःला परक्या डोळ्यांनी न्याहाळू लागते, आणि मनाचा तेवढा भाग त्या पहाऱ्यावर अडकून पडतो. मी फोटो काढताना हे रोज पाहत होते. बोलता बोलता कॅमेरा वर उचलला की बाई वाक्य मध्येच सोडून पोट आत घेई, हनुवटी उंचावे, आणि फोटो झाल्यावर काय सांगत होते ते तिला आठवत नसे.

शरीराला मोजावी लागणारी किंमत तर वैद्यकाच्या पुस्तकांतच आहे. वाढत्या वयात उपाशी राहणाऱ्या मुलीची पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक घटते आणि ज्या वर्षांत हाडे भरायची त्याच वर्षांत ती विरळ होऊ लागतात. पुढे ती पूर्णपणे भरून येतीलच याची खात्री नसते. अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार, हा सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे. रंग उजळवणाऱ्या क्रीममधला पारा कातडीला रंग देणारे मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. तोच पारा शरीरात शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. पाऱ्याच्या वापराविषयीच्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात सौंदर्यप्रसाधनांतल्या पाऱ्यावर दशलक्ष भागांत एक भाग अशी मर्यादा घातली होती. ती पुरत नाही असे दिसल्यावर, पारा घातलेली सगळीच प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करावीत, असे २०२३ मध्ये ठरले. तरीही अशी क्रीम विकली जातात. डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने चेहऱ्याला स्टिरॉइडची मलमे चोपडणाऱ्यांची कातडी पातळ होते, तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. असे चेहरेही माझ्याकडे येत, लालपणा काढून देण्यासाठी. मी तो काढून देत असे.

‘पण जबरदस्ती कुणी केली आहे?’ असा प्रश्न अशा पत्रांना उत्तर म्हणून हमखास येतो. २०१५ मध्ये लंडनमध्ये स्वागतकक्षात कामाला आलेल्या एका तरुणीला, उंच टाचेचे बूट घातले नाहीत म्हणून, पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवले गेले. अशा सक्तीविरुद्धच्या तिच्या अर्जावर दीड लाखांवर सह्या झाल्या आणि प्रश्न ब्रिटनच्या संसदेपर्यंत गेला. २०१९ मध्ये जपानी स्त्रियांना याच सक्तीविरुद्ध मोहीम काढावी लागली. ही झाली लेखी किंवा तोंडी सक्ती. न सांगितलेली सक्ती त्याहून पुष्कळ आहे. नटणारी बाई उथळ ठरते, न नटणारी गबाळी ठरते, आणि कुठपर्यंत नटायचे ती रेघ रोज सरकत असते. पांढरे केस पुरुषाला अनुभवी दाखवतात, बाईला थकलेली. हे सारे ओळखून एखादी बाई सकाळी अर्धा तास आरशासमोर घालवत असेल, तर तिला आत्मविश्वास कमी आहे असे मी म्हणणार नाही. तिचा व्यवहार पक्का आहे असे म्हणेन. त्यावरही भुर्दंड आहेच. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहकविषयक खात्याने २०१५ मध्ये सुमारे ८०० वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या, तेव्हा स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू पुरुषांच्या तशाच वस्तूंपेक्षा सरासरी ७ टक्क्यांनी महाग निघाल्या, आणि साबण-शांपू-रेझरसारख्या वैयक्तिक वापराच्या वस्तू १३ टक्क्यांनी.

आता रिटचिंग करायला माझ्यासारखी लागत नाही. फोनचा कॅमेरा न विचारता कातडी गुळगुळीत करतो. माझ्या काळात मुलगी स्वतःची तुलना मासिकातल्या मॉडेलशी करी आणि ‘ती वेगळी, मी वेगळी’ म्हणण्याची सोय तिला उरलेली असे. आज ती स्वतःच्याच सुधारलेल्या फोटोशी तुलना करते आणि तिथे ती सोयही नाही. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरींमागे एकीची स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी वाढते, असे फेसबुकच्याच अंतर्गत कागदपत्रांत लिहिलेले होते, हे २०२१ मध्ये उघड झाले. कंपनीने त्या आकड्यांचा अर्थ वेगळा लावला, पण आकडे तिचेच होते.

यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, शरीराचा आकार बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातींवर ‘छायाचित्रात बदल केला आहे’ असे छापणे बंधनकारक झाले. नॉर्वेने २०२२ पासून असाच नियम समाजमाध्यमांवरच्या सशुल्क प्रसिद्धीलाही लावला. नियम चांगले आहेत, ते असावेत. मात्र अशा सूचनांमुळे पाहणाऱ्यांची स्वतःबद्दलची नाराजी फारशी कमी होत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत दिसले आहे, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. कंबर कुठे खरवडली, सावली कुठे भरली हे पात्याच्या खुणेसकट ओळखणारी मी. तरीही संध्याकाळी काम संपवून हात धुताना समोरच्या आरशात मला माझ्या चेहऱ्यावरचे ‘काम’ दिसू लागे. दिवसभर पाहिलेल्या चेहऱ्यांनी डोळ्याला मोजमाप लावून दिलेले असे. सूचना वाचून ते पुसले जात नाही.

म्हणून स्त्रियांना आणखी एक सल्ला देण्यापेक्षा मी आपल्याकडे, म्हणजे चित्रे छापणाऱ्यांकडे, वळते. २०१३ मध्ये टेनिसपटू मारियन बार्तोली हिने विम्बल्डन जिंकले, त्या दिवशी बीबीसीच्या समालोचकाने ती दिसायला काही खास नसल्याचे प्रक्षेपणातच सुचवले. नंतर माफी मागितली गेली. मॉडेल होण्याचे स्वप्न मी पाहिले नव्हते, विम्बल्डन जिंकण्याचे पाहिले होते, अशा अर्थाचे शांत उत्तर तिने दिले. उत्तराचे कौतुक झाले. पण विम्बल्डन जिंकल्यावर तिला ते द्यावे लागले. आपल्या वृत्तपत्रात इतके उघड कुणी लिहीत नाही, हे मी मान्य करते. तरी यश मिळवणाऱ्या स्त्रीची बातमी तिच्या पोशाखापासून सुरू होते, मुलाखतीत ‘या वयातही’ हे दोन शब्द येतात आणि पुरवणीत ज्या पानावर आत्मविश्वासाचा सल्ला असतो, त्याच पानावर ‘चेहऱ्यावरील दोष कसे लपवाल’ असा मथळा दिसतो.

माझ्या मागण्या लहान आहेत. स्त्रियांची छायाचित्रे छापताना उजेड आणि रंग जुळवण्यापलीकडे चेहऱ्याला आणि शरीराला हात लावू नये. डाग, सुरकुत्या, लव, वजन यांच्यासाठी ‘दोष’ हा शब्द मथळ्यांतून काढावा. त्वचेचा आजार असेल तर त्याला आजाराचे नाव द्यावे. आणि बातमीतल्या स्त्रीच्या दिसण्याविषयीचे वाक्य तिच्या जागी पुरुष असता तर लिहिले असते का, हे उपसंपादकाने एकदा पाहून घ्यावे. पहिली सूचना आपल्या छायाचित्र विभागाला आजही देता येईल. त्यांना विचारून पाहा, ते हात कुठे कुठे लावतात. मला विचारले असते तर मी खरे सांगितले असते.

कळावे,

आपली,
एक निवृत्त छायाचित्रकार